चमकणारी लाट आणि हिरवे तळे: रायगडच्या पाण्यात नेमका धोका कुठे?

नोव्हेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर रात्रीच्या लाटा निळ्या उजेडाने चमकू लागल्या. जुहू, मुरूड-जंजिरा, देवगड अशा ठिकाणांहून मोबाइलवर व्हिडिओ फिरले आणि पाठोपाठ प्रश्न आले. हे पाणी विषारी आहे का? पाय घातला तर काही होईल का? सकाळी बोटीत बसावे की नको?

हेच प्रश्न हिरव्यागार पडलेल्या तळ्याबद्दल मात्र फारसे कोणी विचारत नाही. तळ्यात शेवाळ असायचेच, असे आपण धरून चालतो. पर्यटक पॅडल बोटीत बसतात, मुले कठड्यावरून पाण्यात हात घालतात, गुरे तिथेच पाणी पितात. प्रत्यक्षात या दोन पाण्यांपैकी माणसाला आणि जनावरांना जास्त धोका बहुतेक वेळा हिरव्या तळ्याकडून असतो. रायगडसारख्या जिल्ह्यात, जिथे पर्यटन, मासेमारी आणि शेती एकाच पाण्यावर उभी आहे, तिथे हा फरक समजून घेणे गरजेचे आहे.

शैवाल बहर म्हणजे काय?

पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पतींसारख्या सूक्ष्म पेशी नेहमीच असतात. त्या सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि पाण्यातील सगळी अन्नसाखळी त्यांच्यावर चालते. ऊन, ऊब, संथ पाणी आणि नायट्रोजन-फॉस्फरससारखी खते एकाच वेळी मिळाली की त्यांची संख्या काही दिवसांत प्रचंड वाढते. पाण्याचा रंग बदलतो, कधी वर साय धरते. यालाच शैवाल बहर किंवा 'अल्गल ब्लूम' म्हणतात.

प्रत्येक बहर विषारी नसतो. रंगावरून विष ओळखता येत नाही आणि रंग बदलला म्हणजे शैवालच आले, असेही नाही. जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. तो रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा होता.

रात्री समुद्र का चमकतो?

असा उजेड पाडणाऱ्या सूक्ष्मजीवांत नॉक्टिल्युका सर्वात परिचित आहे. त्याची एक पेशी साधारण अर्धा ते एक मिलिमीटरची, साबुदाण्याच्या दाण्यापेक्षा लहान असते. लाट फुटली, वल्हे पडले किंवा माशाने शेपूट हलवली की पेशीला धक्का बसतो. आतल्या ल्युसिफेरिन या द्रव्याची ल्युसिफेरेज या विकराच्या मदतीने रासायनिक क्रिया होते आणि क्षणभर निळसर प्रकाश पडतो. आगीसारखी उष्णता त्यात नसते.

अरबी समुद्रातल्या नॉक्टिल्युकाची आणखी एक गंमत आहे. त्याच्या पेशीच्या आत दुसरे हिरवे शैवाल राहते आणि आपल्या यजमानाला अन्न पुरवते. त्यामुळे दिवसा तेच पाणी हिरवे, दाट दिसते. नॉक्टिल्युका स्वतः दुसरे सूक्ष्मजीवही गिळतो. दोन्हीकडून पोट भरत असल्याने तो वेगाने पसरतो.

मग हे चमकणारे पाणी विषारी आहे का?

माणसाला थेट बाधेल असे विष नॉक्टिल्युका तयार करत नाही. त्याच्या पेशीत अमोनिया साठतो. दाट बहरात तो अमोनिया आणि पाण्यातला कमी झालेला प्राणवायू माशांना मारक ठरू शकतो. चमकणाऱ्या पाण्यातून चालल्याने किंवा त्यावरून होडी नेल्याने धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. फार तर अंगाला थोडी खाज येते. मात्र पाणी दाट आहे, दुर्गंधी येते आहे, किनाऱ्यावर मेलेले मासे लागले आहेत, अशी चिन्हे दिसली तर त्यात उतरू नये.

समुद्रातला प्रत्येक बहर इतका सौम्य नसतो, हेही लक्षात ठेवायला हवे. सप्टेंबर २००४ मध्ये केरळच्या दक्षिण किनाऱ्यावर, कोल्लम ते विळिंजम या पट्ट्यात, समुद्रातून उग्र वास येऊ लागला. २०० हून अधिक लोकांना, त्यातही मुलांना, मळमळ, छातीत दुखणे आणि थोडा वेळ धाप लागणे असा त्रास झाला. त्याच काळात तिथल्या समुद्रात शैवाल बहर होता. म्हणून वास आणि मेलेले मासे या दोन खुणा रंगापेक्षा जास्त विश्वासाच्या.

मच्छीमारांना याची काळजी का?

उत्तर अरबी समुद्रात पूर्वी हिवाळ्यात डायटम नावाच्या शैवालांचा बहर येत असे. डायटमवर छोटे प्राणी, त्यांच्यावर मासे, असा क्रम चाले. २००० नंतर त्या जागी मोठ्या प्रमाणावर हिरवा नॉक्टिल्युका दिसू लागला. तो आकाराने मोठा असल्याने छोट्या प्राण्यांना खाता येत नाही. त्याच्यावर ताव मारतात ते सॅल्प आणि जेलीफिशसारखे जीव, ज्यांचा बाजारात उपयोग नाही आणि जे जाळ्यात भरले की नुसता खोळंबा.

हे का झाले, यावर संशोधकांत मतभेद आहेत. अमेरिकेत काम करणारे मूळ गोव्याचे शास्त्रज्ञ जोकिम गोस आणि हेल्गा दो रोझारिओ गोम्स यांच्या गटाने २०१४ मध्ये याचा संबंध समुद्रातील कमी प्राणवायूच्या पाण्याशी जोडला. २०२० मध्ये याच गटाने हिमालयावरील घटत्या बर्फाचा मुद्दा मांडला. बर्फ कमी झाल्याने हिवाळी वारे पूर्वीइतके थंड आणि कोरडे राहिले नाहीत, त्यामुळे समुद्राचे पाणी वरखाली नीट घुसळले जात नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. भारतीय संशोधकांनी २०१७ मध्ये वेगळी बाजू मांडली. त्यांच्या मते वरच्या थरात प्राणवायू इतका कमी नव्हता, डायटमला लागणारे सिलिकेट संपल्याने नॉक्टिल्युकाला वाव मिळाला. कारण कोणतेही असले तरी चमकणारी लाट ही पाण्यातील अन्नसाखळी बदलत असल्याची खूण आहे, आणि तिची किंमत पर्यटकापेक्षा नाखवा जास्त मोजतो.

हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था उपग्रहाच्या साहाय्याने अशा बहरांची माहिती देते. ईशान्य अरबी समुद्र हा तिने लक्ष ठेवलेल्या भागांपैकी एक आहे.

तळ्यातला हिरवा थर वेगळा कसा?

गोड्या पाण्यात साय धरणारे बहर बहुधा नील-हरित शैवालाचे असतात. नाव शैवाल असले तरी हे जीवाणू आहेत. भातशेती करणाऱ्यांना हे नाव नवे नाही. हवेतील नायट्रोजन धरून ठेवणाऱ्या काही जाती भातखाचरात जैविक खत म्हणून मुद्दाम वाढवतात. त्याच कुळातल्या इतर काही जाती मात्र विष तयार करतात. मायक्रोसिस्टिस ही त्यांतली सर्वात जास्त आढळणारी जात. तिच्या मायक्रोसिस्टिन या विषाचा मारा यकृतावर होतो. दुसऱ्या काही जातींची विषे मज्जासंस्थेवर परिणाम करतात.

या विषाची ओळख नवी नाही. १८७८ मध्ये ऑस्ट्रेलियातील अलेक्झांड्रिना सरोवराचे पाणी पिऊन मेंढ्या, घोडे, कुत्री मेल्याची नोंद जॉर्ज फ्रान्सिस यांनी 'नेचर' या नियतकालिकात केली होती. २०२० मध्ये बोत्सवानात ३०० हून अधिक हत्ती मेले, तेव्हा तिथल्या सरकारनेही पाणवठ्यांतील नील-हरित शैवालाकडे बोट दाखवले. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतील टोलेडो शहराच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन आढळले. सुमारे चार-पाच लाख लोकांना नळाचे पाणी न पिण्याची सूचना तीन दिवसांपर्यंत पाळावी लागली. उकळूनही नको, असे तिथे मुद्दाम सांगितले गेले, कारण उकळल्याने हे विष नष्ट होत नाही. पाणी आटते आणि विषाचे प्रमाण उलट वाढते.

आपल्याकडचे ओळखीचे उदाहरण कोल्हापूरच्या रंकाळ्याचे. सांडपाणी मिसळून तिथले पाणी हिरवे पडण्याचे आणि दुर्गंधी सुटण्याचे प्रकार अनेकदा घडले आहेत. तो शहराचा फिरायला जाण्याचा आणि नौकाविहाराचा तलाव आहे. रायगडमधील गावतळी, शेततळी, रिसॉर्टमधील कृत्रिम तळी यांनाही हेच गणित लागू होते. शौचालयांचे पाणी, साबण-डिटर्जंट, शेतातून वाहून आलेले खत, निर्माल्य, सगळे तळ्यात येऊन थांबते. समुद्राला भरती-ओहोटी असते, तळ्याला ती सोय नाही.

अलिबाग-पेण भागात खारेपाटातल्या तळ्यांत जिताडा पाळतात. त्यांच्या दृष्टीने धोका आणखी वेगळा आहे. दाट शैवाल दिवसा प्राणवायू सोडते, पण रात्री स्वतःच तो वापरते. ढगाळ दिवसांनंतर पहाटे तळ्यातला प्राणवायू इतका उतरतो की मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. विष नसतानाही एका रात्रीत वर्षाची कमाई जाऊ शकते.

बोटीत बसलेल्याला किती धोका?

इथे एक साधा नियम उपयोगी पडतो. पाणी शरीरात किती आणि कोणत्या वाटेने जाते, यावर धोका ठरतो.

सर्वात मोठी वाट पोटाची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मायक्रोसिस्टिनसाठी मर्यादा सुधारल्या. आयुष्यभर पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे १ मायक्रोग्रॅम आणि पोहण्या-खेळण्याच्या पाण्यासाठी २४ मायक्रोग्रॅम. दुसरा आकडा काढताना १५ किलो वजनाचे मूल खेळताना पाव लिटर पाणी गिळते, असे धरले आहे. मोठ्या माणसापेक्षा मुलाचे वजन कमी आणि गिळलेले पाणी जास्त, म्हणून धोका मुलांनाच आधी.

दुसरी वाट त्वचेची. खाज, पुरळ, डोळे चुरचुरणे असा त्रास होतो. ओल्या कपड्यांत शैवाल अडकून राहिले तर तो वाढतो.

तिसरी वाट श्वासाची. वेगाने जाणारी बोट किंवा जेट स्की पाण्याचे बारीक तुषार उडवते. कॅलिफोर्नियातील बहर असलेल्या दोन तलावांवर पोहणाऱ्या, बोटी आणि जेट स्की चालवणाऱ्या ८१ जणांची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. हवेत आणि त्यांच्या नाकात विषाचे अल्प अंश सापडले, रक्तात मात्र मोजता येण्याइतके विष आढळले नाही. म्हणजे संथ पॅडल बोटीत कोरडे बसून केलेला फेरफटका फारसा धोक्याचा नाही. बोट उलटणे, पाण्यात उड्या मारणे, बनाना बोटीवरून मुद्दाम पाण्यात पाडणे, हे प्रकार साय धरलेल्या तलावात टाळायचे.

सर्वात जास्त धोका कुत्र्यांना आणि गुरांना. ती पाणी पितात, आणि कुत्रे बाहेर आल्यावर अंगावरची साय चाटून साफ करते.

एक बारकावा बोट चालवणाऱ्यांसाठी. मायक्रोसिस्टिसच्या पेशींत हवेच्या सूक्ष्म पिशव्या असतात, त्यामुळे ती पृष्ठभागावर तरंगते. वारा ही साय ढकलत एका काठाला गोळा करतो. तलावाच्या मध्यभागी पाणी बरे दिसत असताना काठावर, नेमके जिथे लोक चढतात-उतरतात तिथे, विष कित्येक पट साठलेले असू शकते. वाऱ्याची दिशा पाहून त्या दिवशी चढण्या-उतरण्याची जागा बदलणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

शिंपल्या आणि कालवांचे काय?

समुद्रातील विषारी शैवालाचा गंभीर धोका ताटातून येतो. शिंपल्या, कालवे, खुबे हे पाणी गाळून खाणारे जीव. पाण्यात विषारी डायनोफ्लॅजेलेट असतील तर त्यांचे विष या जीवांच्या मांसात साठत जाते. त्यांना स्वतःला त्याचा त्रास दिसेलच असे नाही. १९९७ मध्ये केरळात विळिंजम येथे अशा शिंपल्या खाल्ल्याने ७ जणांचा मृत्यू झाला आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले.

हे विष शिजवून जात नाही. कोकम, चिंच, मसाला, कशानेही उतरत नाही. ओठ आणि बोटांना मुंग्या येणे ही पहिली खूण, नंतर बोलणे जड होणे, हातपाय लुळे पडणे, शेवटी श्वास अडकणे. यावर उतारा नाही, पण वेळेत कृत्रिम श्वास मिळाला तर माणूस वाचतो. त्यामुळे शिंपल्या खाल्ल्यावर ओठ बधिर झाले तर घरी थांबून पाहू नये, लगेच रुग्णालयात जावे. आणि पाण्याचा रंग बदललेला असेल त्या काळात त्या भागातल्या शिंपल्या काढू नयेत.

वर्षाचा कोणता काळ जपायचा?

पावसाळ्यात समुद्रातल्या फेऱ्या आणि जलक्रीडा बंद असतात, १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद. त्यानंतर पर्यटनाचा हंगाम आणि बहराचे हंगाम एकमेकांवर येतात. नोव्हेंबरपासून हिवाळ्यात चमकणाऱ्या लाटांची शक्यता असते. फेब्रुवारी ते मे या काळात ट्रायकोडेस्मियम नावाचे समुद्री नील-हरित शैवाल लाकडाच्या भुशासारखे पट्टे करून तरंगते. दर्यावर्दी त्याला समुद्राचा भुसाच म्हणत आले आहेत. तळ्यांचा कसोटीचा काळ ऑक्टोबरच्या उन्हात आणि पुन्हा मार्चपासून पाऊस पडेपर्यंत, जेव्हा पाणी कमी आणि तापलेले असते.

घरच्या घरी ओळखता येते का?

विष आहे की नाही हे प्रयोगशाळाच सांगू शकते. पण साय कोणत्या प्रकारची आहे, याचा अंदाज दोन सोप्या चाचण्यांनी येतो.

काठीची चाचणी: लांब काठीने थर उचलून पाहा. केसांसारखे धागे लोंबले तर ते साधे तंतुमय शेवाळ. काठीला ऑइल पेंट लागल्यासारखा हिरवा लेप बसला तर नील-हरित शैवालाचा संशय घ्या.

बरणीची चाचणी: हातमोजे घालून काचेच्या बरणीत पाऊण भाग पाणी घ्या, झाकण लावा आणि न हलवता रात्रभर थंड जागी ठेवा. सकाळी हिरवा भाग तळाला बसला तर साधे शैवाल असण्याची शक्यता जास्त. वर कड्यासारखा तरंगला तर तळे काही दिवस बंद ठेवलेले बरे.

तळे हिरवे झाले तर काय करावे, काय नको?

पहिला मोह औषध टाकण्याचा होतो. मोरचुदाने शैवाल मरते हे खरे, पण पेशी फुटतात आणि आतले विष एकदम पाण्यात उतरते. ऑस्ट्रेलियातील पाम बेटावर १९७९ मध्ये धरणातील शैवाल मारण्यासाठी मोरचूद टाकला गेला. त्यानंतर तेच पाणी पिणारी १३८ मुले आणि १० मोठी माणसे आजारी पडली. पिण्याच्या किंवा गुरांच्या पाण्यात तज्ज्ञांना विचारल्याशिवाय काही टाकू नये.

गुरांना दुसरीकडे पाणी पाजावे. मुलांना आणि कुत्र्यांना काठापासून दूर ठेवावे. अंगाला पाणी लागले तर स्वच्छ पाण्याने धुवावे, कुत्र्याला त्याने अंग चाटण्याआधी धुवावे. बोट दुसऱ्या तलावात नेण्यापूर्वी धुऊन उन्हात वाळवावी, म्हणजे एका तळ्यातले शैवाल आणि जलपर्णी दुसरीकडे जाणार नाही. ग्रामपंचायतीला कळवावे आणि फोटो, तारीख, जागा नोंदवून ठेवावी. किनाऱ्यावर मेलेले मासे दिसले तर मत्स्यव्यवसाय विभागाला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवावे. नमुना जितका ताजा, तितके कारण सापडण्याची शक्यता जास्त.

कायमचा उपाय मात्र तळ्याच्या बाहेर आहे. सांडपाण्याची गटारे तळ्यात सोडणे थांबले, निर्माल्यासाठी वेगळी कुंडी झाली आणि काठाला गवताचा पट्टा राखला, तर शैवालाला खतच मिळत नाही. ज्या गावाची बोट तळ्यावर चालते, त्या गावासाठी हा खर्च बोटीच्या देखभालीचाच भाग समजायला हरकत नाही. तिकीट खिडकीवर लाइफ जॅकेटच्या सूचनेशेजारी आजचे पाणी कसे आहे, एवढी एक ओळ रोज खडूने लिहिली, तरी येणाऱ्याला आपले मूल काठावर सोडायचे की नाही हे ठरवता येईल.